फलोदीला निघालीस तर

अगं, तुझी प्रश्नांची यादी मिळाली. निम्मे प्रश्न एसीबद्दल, उरलेले किराणा आणि इंटरनेटबद्दल. एसी फलोदीत मिळतो. इंटरनेट चालतं. आणि किराण्याचं काय विचारतेस? ज्या मारवाडने आपल्या गावोगावी दुकानं थाटली, त्या मुलखात तुला साखर मिळणार नाही होय? ती यादी आता बाजूला ठेव. मला तुला एकच विचारायचंय. तुला मागता येतं का?

हसू नकोस. डोंबिवलीत वाढलेल्या आपल्याला न मागण्याची सवय असते. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला कसंतरी होतं, आणि आता तर मागावीही लागत नाही, मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दारात. लोकलमध्ये माणसं अंगावर असतात, त्यामुळे घरी आल्यावर दार लावून घेणं हेच सुख. कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाचा करून घ्यायचा नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. फलोदीत हे चालत नाही. तिथे पाणी लांबून येतं, मोठं इस्पितळ लांब, पुढचं गाव लांब, त्यामुळे एकमेकांकडे मागण्यावरच सगळं चालतं. न मागणारी बाई तिथे शिष्ट ठरते. वर उन्हाळ्यात अडचणीत येते ती वेगळीच. मी तिथे इतकी वर्षं काढली ती एसीच्या नाही, शेजारच्या भाभीसांच्या जोरावर.

आता गाव कुठे आहे ते नीट समजून घे, कारण मावशी सगळ्यांना तू ‘जैसलमेरला’ चाललीस असं सांगत सुटली आहे. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, जोधपूरपासून साधारण 140 किलोमीटरवर फलोदी आहे. जैसलमेर त्याच्याही पुढे तेवढंच. 2023 मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्याआधी जोधपूर जिल्ह्यातच होतं. किल्ला आहे, लाल दगडाच्या कोरीव हवेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी हवेल्यांना कुलपं आहेत. मालक मुंबईला, चेन्नईला. निवडणुका आल्या की टीव्हीवर ‘फलोदी सट्टाबाजार काय म्हणतो’ असं ऐकतेस ना, तेच हे गाव. पाऊस पडेल की नाही यावरही तिथे पैसे लागतात. तुझ्या नवऱ्याचं काम भडल्याच्या सोलर पार्कमध्ये, म्हणजे गावापासून आणखी लांब, बाप तहसिलीत. हो, बाप. सासरी सांगताना जरा जपून सांग.

घर बघायला जाशील तेव्हा खोल्या, किचन ओटा, बाल्कनी हे सगळं नंतर. आधी विचार, टांका केवढा आहे? टांका म्हणजे अंगणाखालची किंवा खोलीखालची पाण्याची टाकी. जुन्या घरांत गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरवायची सोय असते. नळाचं पाणी रोज येईल असं धरून चालू नकोस. येईल तेव्हा टांक्यात घ्यायचं, तिथून मोटारीने वर चढवायचं. घरमालक म्हणेल, ‘पानी की कोई दिक्कत नहीं’. सगळेच म्हणतात. तू झाकण उघडायला लाव, आत टॉर्च मारून बघ, शेवटचा कधी उपसून साफ केला ते विचार. त्याला राग येणार नाही. उलट बाई जाणती आहे म्हणेल आणि भाड्याचं बोलणं सरळ होईल.

हे नळाचं पाणी येतं कुठून माहीत आहे? पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यावरून. इंदिरा गांधी कालवा, तिथले लोक नुसतं ‘नहर’ म्हणतात. पंजाबातून निघालेलं पाणी शेकडो किलोमीटर वाळूतून येऊन तुझ्या माठात पडतं. वर्षातून एकदा, साधारण मार्च ते मे यांच्या मध्ये, दुरुस्तीसाठी नहर काही आठवडे बंद ठेवतात. त्याला नहरबंदी म्हणतात. म्हणजे उन्हाळा चढत असतो, कूलरला सगळ्यात जास्त पाणी लागत असतं आणि नेमकं तेव्हाच वरून पाणी कमी होतं. पेपरात नहरबंदीच्या तारखा येतात, त्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव आणि त्याआधी टांका गळ्यापर्यंत भरून घे. टँकरवाल्याचा नंबर पहिल्याच आठवड्यात घे. गरज पडल्यावर घेशील तर सगळं गाव तोच नंबर फिरवत असेल.

जमिनीतलं पाणी खारं, शिवाय त्यात फ्लोराइड. पिऊ नकोस, आणि लेकीला तर अजिबात देऊ नकोस, तिचे दात आता येताहेत. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि डाळ आपली टणक. साबणाला फेस येत नाही, केसांचा काथ्या होतो. डाळ-भाताला आणि केसांवरच्या शेवटच्या तांब्याला नहरेचं पाणी ठेवायचं, बाकी धुण्या-पुसण्याला खारं. एवढी वाटणी जमली की घर चालतं. भांडी घासलेलं पाणी झाडाला, भाजी धुतलेलं गाईच्या टाकीत. तुला कुणी शिकवायची गरज नाही, पंधरवड्यात आपोआप होईल. मग डोंबिवलीला आलीस की आमचा नळ बंद करत फिरशील आणि सगळे तुला वेड्यात काढतील.

उन्हाबद्दल तू घाबरली आहेस ते बरोबरच आहे. भारतात आजवर मोजलेलं सगळ्यात जास्त तापमान फलोदीचंच, 19 मे 2016 ला 51 अंश. 2024 च्या मेमध्ये 25 तारखेला पुन्हा 50 झालं, तेव्हा आम्ही तिथे होतो. पण एक सांगते, आपल्याकडच्या मे महिन्यात जीव चिकचिकाटाने जातो. तिथे घाम दिसतच नाही. आला की लगेच वाळतो. यात खरा धोका आहे. आपल्याला वाटतं आपण बरे आहोत, आणि अंगातलं पाणी निघून गेलेलं असतं. तहान लागायची वाट बघायची नाही. लघवी गडद झाली की समज, उशीर होतोय. मीठ-साखरेचं पाणी, ताक, कैरीचं पन्हं, काहीतरी सारखं पोटात गेलं पाहिजे. डोकं जड झालं, मळमळलं, कुणी असंबद्ध बोलायला लागलं, घाम थांबून अंग तापलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि सरळ दवाखाना. सगळी कामं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी बाजारही डुलक्या घेतो. बाहेर पडलीसच तर पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता आणि तोंडावर ओढणी. डोंबिवलीतले ते बिनबाह्यांचे उन्हाळी कपडे घरात घाल. लाजेचा प्रश्न वेगळा, कातडी भाजते.

आणि एसीआधी कूलर घे. मोठा, पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा. कोरड्या हवेत तो जे काम करतो ते आपल्याकडे करूच शकत नाही. फक्त समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. आपली माणसं एसीच्या सवयीने सगळं बंद करून बसतात आणि मग कूलरला शिव्या देतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल आली की मात्र कूलर बसतो, तेव्हा एसी लाव. इन्व्हर्टर हवाच. देशातल्या सगळ्यात मोठ्या सोलर पार्कांपैकी एकाच्या उशाला राहायचं, 2245 मेगावॅट तिथून निघणार, आणि आंधी आली की आपल्या घरातले दिवे गुल. आमचे हेही सोलरवालेच, त्यांना मी दर आंधीला यावरून टोमणा मारत असे.

आंधी येते मे-जूनमध्ये, बहुधा दुपार कलल्यावर. पश्चिमेला आभाळ पिवळं-तांबूस होतं, पक्षी गप्प होतात, आणि मग समोरचं घर दिसेनासं होतं. दारं-खिडक्या लावून ओली फडकी फटींना लावायची. तरीसुद्धा डब्यातल्या पोह्यांपर्यंत वाळू पोचते. त्याचा संताप करून घेऊ नकोस. त्याच आंधीनंतर रात्री हवा थंड होते आणि गच्चीवर झोपायला काय सुख वाटतं! तिथे उन्हाळ्यात सगळेच गच्चीवर झोपतात, बायकासुद्धा. मात्र झोपायचं खाटेवर. जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही, वर नाही, खाली नाही, पाहुणे आले तरी नाही. त्या भागात ‘पीवणा’ नावाच्या सापाचं फार भय. तो रात्री छातीवर बसून माणसाचा श्वास पितो अशी लोकांची समजूत. खरी गोष्ट तेवढीच वाईट आहे. तो मण्यारीच्या जातीचा. रात्री उबेला अंथरुणात शिरतो, चावलेलं धड कळतही नाही आणि पहाटे श्वास अडायला लागतो. खाट, मच्छरदाणी खाटेच्या गादीखाली खोचलेली, उशाशी टॉर्च, सकाळी चपला झटकून घालायच्या. एवढं पाळलंस की निवांत झोप. आमच्या घरी मी एकदाही साप पाहिला नाही. पण नियम मोडला नाही.

आता खाण्यापिण्याकडे वळते, म्हणजे छाछकडे. छाछ म्हणजे आपलं ताक. आमच्या गल्लीत दूध विकत मिळायचं, तूप विकत मिळायचं, पण छाछ कुणी विकत नसे. ज्याच्याकडे गाय त्याच्याकडे सकाळी घुसळण झालं की गल्लीतल्या बायका बरणी घेऊन जायच्या. सुरुवातीला मी दुकानातून पिशवीतलं ताक आणत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मग भाभीसांनीच एका सकाळी हाक मारली, ‘बाईसा, बरणी कोनी कांई थांरे?’ म्हणजे बरणी नाही का तुझ्याकडे. त्या बरणीने मला गावात घेतलं. तिथेच कळलं कोणता डॉक्टर खरं बोलतो, कोणता शिंपी ब्लाउजची बाही बिघडवतो, कुणाची जीप जोधपूरला चालली आहे. तेव्हा पहिल्या आठवड्यात बरणी घे आणि जा. लाजत जा, पण जा.

बाजरीचा सोगरा चुलीवरून उतरलेला, त्यावर तूप आणि गूळ. काचरीची चटणी. केर-सांगरी तर तू लग्नाच्या पंगतीत खाल्लीच असशील, पण तेलात बुडवलेली ती निराळी आणि घरची निराळी. उन्हाळ्यात ताजी भाजी महाग आणि मरगळलेली येते, म्हणून तिथे सगळं वाळवून ठेवतात. तुला तर वाळवणं करायची हौस. कुरडया एका उन्हात कडकडीत होतात, पापड सकाळी घातले की दुपारी डब्यात. फक्त कणीक मळून उघडी ठेवू नकोस, पाठ फिरवली की साल धरते. इकडून काय न्यायचं? गोडा मसाला, आमसुलं, कोकणातलं खोबरेल आणि नारळ. नारळ जोधपूरला मिळतो पण त्याच्यात काय असतं ते देव जाणे. हिवाळ्याचे कपडे मात्र नेच. वाळवंट म्हटलं की आपण स्वेटर काढून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि दगडाची फरशी पायांना चावते. हवा इतकी कोरडी की लेकीचा घोळणा फुटेल. घाबरू नकोस. पुढे वाकवून बसव, नाक दाबून धर, रात्री नाकपुडीला आतून जरासं तेल लाव. सारखंच व्हायला लागलं तर डॉक्टर.

एक नाजूक गोष्ट. मावशी म्हणत होती, तुमच्या मनात दुसऱ्या बाळाचा विचार आहे. मग आधीच ठरवून ठेव. फलोदीत सरकारी रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, पण काही गुंतागुंत झाली तर ‘जोधपूरला घेऊन जा’ हेच ऐकशील. जोधपूरला एम्स आहे. रस्ता चांगला, तरी दोन-अडीच तास. शेवटच्या महिन्यात डोंबिवलीला ये, नाहीतर जोधपूरला खोली घे. त्या रस्त्यावर रात्रीबेरात्री निघायची वेळ येऊ देऊ नकोस. आणि गाडीवाल्यांचे नंबर तुझ्या फोनमध्ये हवेत, नुसते नवऱ्याच्या फोनमध्ये नाही. तो तिकडे पॅनेलांमध्ये असेल आणि त्याला रेंज नसेल.

त्याच ओघात पैशाचं बोलते. तू नोकरी सोडून चालली आहेस. घरून हिशेबाची कामं मिळतील म्हणतेस, मिळोत. पण तुझ्या नावावर, तुझ्या हाताशी, मुंबईला दोन माणसांनी यायच्या तिकिटाइतके पैसे कायम राहू देत. कुणावर अविश्वास म्हणून नाही. लांबच्या गावात ‘वाटलं तर उद्या निघू शकते’ एवढं माहीत असलं की माणूस निघत नाही. वांद्र्याहून सूर्यनगरीने जोधपूर आणि तिथून जैसलमेरकडच्या गाडीने फलोदी, हा आपला रस्ता. दिवाळीला आणि लग्नसराईत तिकीट मिळेल अशी आशा धरू नकोस. अख्खा मारवाड तेव्हा मुंबईहून घरी जात असतो. तू मात्र त्यांच्या उलट दिशेने येणार, तिथे गर्दी कमी. हा तेवढा फायदा.

माणसांचं म्हणशील तर गोड आहेत, पण पहिल्या दिवशी नाही. भाभीसा आणि त्यांच्या जावा वडीलधाऱ्यांसमोर घूंघट घेतात. तुझ्या मनात भाषण तयार होईल, ते गिळ. मला घूंघट आवडत नाही, आजही आवडत नाही. पण त्याच घूंघटाआडून भाभीसांनी सासऱ्यांशी वाद घालून मुलीला जोधपूरला कॉलेजात पाठवलेलं मी पाहिलंय. तुझ्याकडून कुणी घूंघटाची अपेक्षा ठेवणार नाही. म्हाताऱ्यांसमोर डोक्यावरून पदर किंवा ओढणी घेतलीस तर सुखावतील. घे किंवा घेऊ नकोस, मी दोन्ही केलंय.

सोलरवाल्याची बायको म्हणून मात्र तुला ऐकून घ्यावं लागेल. आजूबाजूच्या गावांत या कंपन्यांवर राग आहे आणि तो उगाच नाही. जी जमीन कागदावर सरकारी पडीक, तिथे लोकांची गुरं-उंट पिढ्यान्‌पिढ्या चरत होते. देवाच्या नावाने राखलेली ओरणं होती. पॅनेलांसाठी खेजड्या तोडल्या म्हणून आंदोलनं झाली, होताहेत. खेजडी म्हणजे आपली शमी. बिश्नोई लोकांना तिचं महत्त्व काय ते तुला शाळेत कधीतरी कळलं असेल. 1730 मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी आणि मिळून 363 माणसं झाडांना मिठ्या मारून मारली गेली. त्यामुळे दसऱ्याला आपल्या सवयीने शमीची डहाळी मोडून आणू नकोस, कुणाच्या कुंपणातली तर मुळीच नको. आणि हा विषय निघाला की नवऱ्याच्या कंपनीची वकिली करू नकोस. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक माहीत आहे ना? तिकडे त्याला गोडावण म्हणतात, आणि देशात उरलेल्यांपैकी बहुतेक त्याच वाळवंटात आहेत. विजेच्या तारांना धडकून ते मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2021 मध्ये तारांबद्दल आदेश निघाला. आमच्या ह्यांचं आणि माझं यावर कधीच एकमत झालं नाही. कोळशापेक्षा ऊन बरं हे मलाही पटतं. ज्यांची चराई गेली त्यांना हे ऊन किती पावलं, हा माझा प्रश्न असायचा आणि ह्यांच्याकडे उत्तर नसायचं. तूही विचार. घरात विचार, बाहेर ऐक.

सगळ्यात अवघड असते दुपार. बारा ते पाच. नवरा पहाटे गेलेला, लेक झोपलेली, गल्लीत चिटपाखरू नाही, फक्त कूलरची घरघर. डोंबिवलीत तुला एकटं बसायला मिळत नाही म्हणून रडायचीस ना, तिथे एकटेपणाने कान वाजतील. पहिले दोन-तीन महिने आईला दिवसातून पाच वेळा फोन होतील. होऊ देत. पण दुपारी एक तरी काम असं ठेव जे कुणाच्या तरी घरी जाऊन करायचं आहे. शिवण, पापड, मुलांची शिकवणी, काहीही. आमच्या शेजारच्या मुलींना इंग्रजी हवं होतं आणि मला बसायला कुणीतरी हवं होतं. फी घेतली नाही. बदल्यात त्यांनी मला मारवाडी शिकवली आणि माझ्या उच्चारांना पोटभर हसून घेतलं.

हिवाळा आला की दिवस पालटतात. सप्टेंबरमध्ये कुरजा यायला लागतात. मंगोलियाकडून, मध्य आशियाकडून येणारे करकोचे, राखाडी अंगाचे, काळ्या मानेचे. फलोदीजवळच्या खीचनला ते हजारोंनी उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. पहाटे तिथल्या चुग्गाघरात त्यांना दाणे टाकतात. सत्तरच्या दशकात रतनलाल मालू नावाचे गृहस्थ कबुतरांना दाणे टाकत होते, तिथे काही कुरजा यायला लागल्या, आणि गावातल्या जैन मंडळींनी तो शिरस्ताच पाडला. 2025 मध्ये खीचनला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. वाळवंटात पाणथळ! लेकीला पहाटे उठवून घेऊन जा. ती कुरकुरेल, मग आवाज ऐकून गप्प होईल. तिथल्या सासुरवाशिणींच्या गाण्यांत कुरजा निरोप घेऊन जाते. भाभीसांना म्हणायला सांग. आवाज खणखणीत आहे त्यांचा.

गणपती बसवशील ना? बसव. भाद्रपदातच रामदेवऱ्याचा मेळा असतो. बाबा रामदेवजींच्या दर्शनाला लाखो माणसं हातात झेंडे घेऊन चालत जातात आणि त्यातली कितीतरी फलोदीवरून. गावभर ठिकठिकाणी त्यांच्यासाठी पाणी, चहा, जेवण. तुझ्या आरतीला गल्लीतली पोरं येतील, तू मोदक घेऊन त्यांच्या मांडवात जा. दोन्हीकडचा उत्सव एकाच आठवड्यात पडतो, आयती संधी. विसर्जन बादलीत. वर्षाला दोन-अडीचशे मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात, म्हणजे मुंबईत जुलैमध्ये एखाद्या दिवशी पडतो तेवढा, बाप्पांना नदी कुठून आणणार? शाडूची छोटी मूर्ती इथूनच ने आणि ती माती नंतर तुळशीत घाल. तुळस सावलीत ठेव हां, नाहीतर मेमध्ये जळेल.

मावशीच्या मनातली भीती तू बोलली नाहीस, पण मला कळली. सीमा. हो, फलोदीत हवाई दलाचा तळ आहे. 2025 च्या मे महिन्यात पाकिस्तानने ज्या ठिकाणांवर ड्रोन-क्षेपणास्त्रं सोडली त्यांच्या सरकारी यादीत फलोदीचं नाव होतं. त्या रात्री ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, दिवा नाही, फोनचा उजेडसुद्धा पांघरुणात. मी घाबरले नव्हते असं सांगणार नाही. पण गल्लीतली म्हातारी माणसं 65 आणि 71 च्या गोष्टी सांगत बसली होती आणि आम्ही सगळे एकाच घराच्या तळमजल्यावर होतो. बोलवायला कुणी आलं नव्हतं. आम्हीच उठून गेलो, तुमच्याकडे बसू का विचारलं. मावशीला हे सगळं सांगू नकोस, निम्मं सांग.

सामानाचं शेवटचं. मोठा फ्रीज, सोफा इथेच विक. तिकडे पोचेपर्यंत भाडं त्यांच्या किमतीइतकं होईल. माठ तिथला घे. पाण्याच्या झाकणाच्या टाक्या आणि लांब पाइप तिथेच घे, स्वस्त पडतात. मार्चच्या मध्याच्या आत पोचलीस तर बरं, अंगाला उन्हाची हळूहळू सवय होते. एकदम मेमध्ये उतरू नकोस.

भाभीसांचा नंबर पाठवतेय. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलंय, पण ‘येतील हो त्या’ म्हणून बसायचं नाही. तू स्वतः फोन कर, आणि काहीतरी माग. आल्या दिवशी लागणारे दोन हंडे पाणी माग, नाहीतर घराच्या किल्लीसाठी घरमालकाकडे कुणाला तरी पाठवायला सांग. त्यांचं जेवण अकराला आटपतं, त्यानंतर कर. आणि बरणी ने, स्टीलची, कडीची. प्लॅस्टिकच्या बरणीत त्या छाछ घालत नाहीत.